मुलीचं नाव ठेवताय? अर्थ, उगम आणि चलती शोधायची कशी (उदाहरण: मुक्ता)

बाळ झालं की पहिल्या आठवड्यात घरातला प्रत्येक माणूस नावांचा एक्स्पर्ट होतो. आत्या कुठूनतरी पन्नास नावांची पीडीएफ पाठवते, मावशी म्हणते काहीतरी युनिक ठेवा, आजीला देवीचं हवं असतं, आणि नवीन आईबाबा बिचारे रात्री तीन वाजता बाळ झोपल्यावर मोबाईलवर अ‍ॅप उघडून बसतात. त्या अ‍ॅपवर प्रत्येक नावाचा अर्थ सुंदर, तेजस्वी, लक्ष्मीचं रूप नाहीतर देवाची देणगी असाच असतो, कारण तिथे अर्थ कोणी शोधलेला नसतो, एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. म्हणून ज्यांनी हे काम पहिल्यांदाच हातात घेतलंय त्यांच्यासाठी सांगतो, एक नाव घेऊन ते नीट तपासायचं कसं. उदाहरणाला मी मुक्ता घेतलंय. एकतर मला हे नाव आवडतं, आणि दुसरं म्हणजे ते दिसायला एकदम सोपं वाटतं पण उकरायला लागलं की बरंच काही निघतं.

पायरी 1: आधी शब्दकोश, अ‍ॅप नंतर

अ‍ॅप बंद करा. शिकागो युनिव्हर्सिटीने दक्षिण आशियातल्या भाषांचे शब्दकोश ऑनलाइन फुकट ठेवलेत, त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोशही आहे. संस्कृतसाठी वामन शिवराम आपट्यांचा कोश तिथेच मिळतो, आणि मोनियर-विल्यम्सचा जर्मनीतल्या कोलोन युनिव्हर्सिटीच्या साइटवर. नाव देवनागरीत टाका, मिळालं नाही तर मूळ धातू किंवा जवळचा शब्द टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी नव्वद टक्के लोक ते करत नाहीत.

मुक्ता टाकलं की दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे मुक्त या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप, सुटलेली, मोकळी झालेली, धार्मिक अर्थाने मोक्ष मिळालेली. हा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. दुसरा मात्र बऱ्याच जणांना नवीन वाटतो, संस्कृतात मुक्ता म्हणजे चक्क मोती. मोनियर-विल्यम्सने त्याची फोडही दिलीय की शिंपल्यातून सुटून बाहेर आलेला म्हणून तो मुक्ता. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच मुळाला येऊन मिळतात. आपला मोती हा शब्दही याच घरातला, मुक्तापासून मौक्तिक, मौक्तिकापासून प्राकृतात मोत्तिअ आणि तिथून मोती, त्यामुळे मोतीबाई आणि मुक्ताबाई या नावाने बहिणीच झाल्या. तमिळमध्ये मोत्याला मुत्तु म्हणतात, आणि काही भाषा-अभ्यासक उलट बाजूने म्हणतात की मूळ शब्द द्राविडी असावा आणि संस्कृतने तो आपल्या मुक्तच्या साच्यात बसवून घेतला असावा. मोत्यांचा बराचसा जुना व्यापार मन्नारच्या आखातातून, म्हणजे तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधून चालायचा हे लक्षात घेतलं तर ही कल्पना अगदीच हवेतली वाटत नाही.

आता याच पद्धतीने एखादं फॅशनचं नाव तपासा म्हणजे फरक कळेल. मायरा घ्या. अ‍ॅपवर लक्ष्मीचं नाव, प्रिय, अद्भुत असं काहीही लिहिलेलं असतं. संस्कृत कोशात ते देवीचं नाव म्हणून शोधून बघा, हाताला काही लागणार नाही. ते 17व्या शतकाच्या आसपास एका इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवलेलं नाव आहे. याचा अर्थ मायरा ठेवू नका असा नाही हां, कानाला गोड आहे, खुशाल ठेवा. फक्त बारशाच्या पत्रिकेवर ‘संस्कृत: लक्ष्मी’ असं छापू नका एवढंच.

पायरी 2: हे नाव आधी कोणी लावलं ते बघा

माझ्या मते हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो, नावाचा नाही. नावाला अर्थ येतो तो ते ज्यांनी मिरवलं त्यांच्यामुळे.

मराठी माणसाला मुक्ता म्हटलं की आधी आठवते मुक्ताबाई, ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण. परंपरेने तिचा जन्म 1279 चा धरतात. भावंडांची नावं ओळीने लावून बघा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे पायऱ्या, आणि शेवटी मुक्ती. वारकरी कीर्तनात ही संगती हमखास सांगतात. कोणी योजून ठेवली की नंतर लोकांना दिसली यावर वाद घालत बसू नका, पण नावाला जो वजनदार अर्थ चिकटलाय तो इथून आलाय. संन्याशाची पोरं म्हणून आळंदीच्या समाजाने वाळीत टाकलेलं घर, आईवडील गेलेले, आणि त्यातली सगळ्यात लहान पोरगी. लोकांच्या बोलण्याने वैतागून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले तेव्हा बाहेर उभं राहून तिने त्यांची समजूत काढली, तेच ताटीचे अभंग. चौदाशे वर्षं जगलेला म्हणून ज्याची ख्याती त्या चांगदेवाने कोरं पत्र पाठवलं तेव्हा, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं ती म्हणाल्याची गोष्ट आहे, आणि पुढे त्याच चांगदेवाने तिला गुरू केलं. म्हणजे या नावाची मुलगी आपल्या परंपरेत गप्प बसणारी नाहीये, मोठ्यांना सुनावणारी आहे. हे आवडत असेल तरच ठेवा (हसतोय, पण अर्धवट सिरियस आहे).

1297 मध्ये तापीच्या काठी मेहूणला ती विजेच्या कडकडाटात लुप्त झाली असं मानतात. जळगाव जिल्ह्यातलं एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर आहे, आणि तिथून आषाढीला पंढरपूरला पालखी जाते, मानाच्या पालख्यांपैकी ही एक. खानदेशातून पायी पंढरपूर म्हणजे महाराष्ट्र जवळपास उभा चालून जायचा. तिकडे आणि वारकरी घरांत तुम्हाला मुक्ताबाई नावाच्या आज्या भेटतील त्या या मुळातूनच. मुक्ताई मधला शेवटचा ‘आई’ हा विठाई, जनाई सारखा प्रेमाचा आणि आदराचा आहे, वेगळं नाव नाही.

आता पुढे शोधा, एकाच व्यक्तीवर थांबू नका, खरी मजा तिथेच आहे. ज्ञानेश्वरांच्या आधीच्या शतकात कर्नाटकात मुक्तायक्का नावाची शिवशरणी, म्हणजे शिवभक्त स्त्री-संत, होऊन गेली, अजगण्णाची बहीण, तिची वचनं आजही कन्नडमध्ये वाचतात. भाऊ संत, बहीण संत आणि बहिणीचं नाव मुक्ता, दोनदा! 18व्या शतकात अहिल्याबाई होळकरांची मुलगी मुक्ताबाई, फणशांच्या घरात दिलेली, 1791 मध्ये नवऱ्यामागे सती गेली, आईने अडवायचा प्रयत्न करूनही. नावात मुक्ती आणि वाट्याला हे. मग 1855: पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. त्यात ती सरळ विचारते की आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर मग आमचा धर्म कोणता. दलित स्त्रीच्या लिखाणाची गोष्ट निघाली की सुरुवात तिच्यापासून होते. आणि आजच्या काळात अभिनेत्री मुक्ता बर्वे, पुण्याच्या महापौर आणि नंतर आमदार राहिलेल्या दिवंगत मुक्ता टिळक.

ही यादी परत एकदा बघा आणि जाती मोजा. बहिष्कृत ब्राह्मण घर, होळकर, मातंग, कन्नड शरण. खूप कमी मराठी नावं अशी सगळीकडे फिरलेली असतात. तुम्ही जे नाव निवडताय त्याची अशी यादी करून बघा, पाच माणसं मिळाली तरी नाव कुठल्या घरातलं आहे, कुठून कुठे गेलं याचा अंदाज येतो. काही नावं एकाच पेठेत अडकलेली असतात, काही एका सिरियलपासून सुरू होतात आणि सिरियल संपली की दोन वर्षांत संपतात.

शेजारच्या भाषा बघायला पण विसरू नका. बंगालीत मुक्ता म्हणजे रोजच्या बोलण्यात मोतीच, तिथे मुलीला हे नाव ठेवतात ते दागिन्याच्या अर्थाने, मोक्षबिक्ष डोक्यात नसतं. गुजरातीत मुक्ताबेन आहे, तिथे ते थोडं जुन्या पिढीचं वाटतं.

पायरी 3: चलती किती आहे

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ‘2024 मधली टॉप 100 मराठी मुलींची नावं’ अशा लिस्ट दिसतात ना, त्यामागे आकडे नसतात. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, किती जन्म झाले त्याचे आकडे सरकार देतं, पण कुठलं नाव किती वेळा ठेवलं याची यादी कोणी काढत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले 1880 पासूनची नावं वर्षवार देतात, एका वर्षात किमान पाच बाळांना ठेवलेली नावंच त्यात असतात. इंग्लंड-वेल्समध्ये ही मर्यादा तीनची आहे. तुम्ही न्यू जर्सीत किंवा लंडनला असाल तर तिथलं बघा, पण लक्षात ठेवा, नाव यादीत नाही म्हणजे शून्य नव्हे, पाचच्या किंवा तीनच्या खाली आहे एवढंच.

मग महाराष्ट्रात काय करायचं? मतदार यादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर भागवार पीडीएफ असते, मराठीत, नाव, वय, लिंग सगळं. या पीडीएफ फोटोसारख्या असल्याने त्यात सर्च चालत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. आपल्या गावाचा आणि आपल्या सध्याच्या एरियाचा एकेक भाग काढा आणि फक्त बायकांची नावं वयाबरोबर वाचत जा. साठीच्या वर बाई लागलेली नावं, मग सुनीता-संगीता-अनिता-मनीषा-वैशाली यांची एक मोठी लाट, त्याखाली पूजा-प्रियांका-अश्विनी-स्नेहल. लाट डोळ्यासमोर उभी राहते. तुमचं नाव कुठल्या वयाच्या खणात जास्त दिसतंय ते टिपा. (नावं फक्त मोजायला बघताय हे विसरू नका, कोणाचा पत्ता, घर नंबर इकडेतिकडे फॉरवर्ड करू नका.)

एक मोठा खड्डा आहे तो आधीच सांगतो. जुन्या बायकांची कागदावरची नावं बरेचदा सासरची असतात. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने नवीन नाव लिहायची पद्धत आपल्याकडे होती, काही घरांत अजून आहे. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या महिला डॉक्टर, माहेरची यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. तर यादीत सत्तरीची सुलोचना दिसली म्हणजे तिच्या आईवडिलांनी सुलोचना ठेवलं होतं असं नाही, ते सासरच्यांची आवड सांगतं, आणि ती जन्मली तेव्हाची नव्हे तर तिचं लग्न झालं तेव्हाची फॅशन सांगतं. आजीला किंवा आजेसासूबाईंना विचारा तुमचं माहेरचं नाव काय होतं, भलतीच सुंदर नावं निघतात आणि त्यातलंच एखादं बाळाला चालून जातं.

मतदार यादीत अठराच्या खालचं कोणी नसतं, म्हणून लहान मुलांसाठी वेगळा जुगाड. आरटीई (खासगी शाळांतले मोफत राखीव प्रवेश) लॉटरीच्या याद्या, बालवाडीच्या नोटीस बोर्डावरच्या याद्या, सोसायटीच्या गॅदरिंगची कार्यक्रमपत्रिका. तिथे आर्वी, अन्वी, ईरा यांची गर्दी दिसेल, मुक्ता क्वचित दिसेल. माझ्या बघण्यात मुक्ता हे नाव कधी लाटेवर नव्हतं आणि कधी गायबही झालं नाही, फक्त मागची बाई गळाली. मला विचाराल तर नावासाठी यापेक्षा चांगली जागा नाही: सगळ्यांना माहीत असतं, तोंडी बसलेलं असतं, तरी वर्गात हाक मारली की एकच मुलगी वळून बघते.

गूगल ट्रेंड्स वापरायचं असेल तर जपून. मुक्ता टाकलं की अभिनेत्रीच्या बातम्या येतात, मुक्ताईनगर टाकलं तर राजकारण. त्यात बाळांचा काही संबंध नसतो.

पायरी 4: पत्रिका मानत असाल तर

मानत नसाल तर सोडून द्या ही पायरी. मानत असाल तर म अक्षराची मा, मी, मू, मे ही मघा नक्षत्राची चार चरणं, रास सिंह. त्यामुळे मघाच्या तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या मुलीला गुरुजी मु वरून नाव सांगतील आणि मुक्ता बसून जाईल. नाही बसलं तरी अडत नाही, जन्मनाव पत्रिकेत वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ही सोय आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे, बारशाला आत्याने कानात कुर्र करताना दोन्ही सांगितलं की झालं.

पायरी 5: मोठ्याने म्हणून बघा, चिडवून बघा

नाव कागदावर छान दिसतं आणि हाकेला पडतं असं होतं. गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या मुलीला बोलवल्यासारखी हाक मारा. मुक्ताssss. शेवटचा आ लांबवता येतो, चाललं. घरात त्याचं मुक्ती, मुक्तू, मुकू काय होईल तेही बोलून बघा, कारण ते होणारच.

महाराष्ट्रात 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. म्हणून चारही एकत्र म्हणा. आई मुग्धा आणि मुलगी मुक्ता असेल तर जीभ अडखळते, शाळेत हजेरी घेताना बाई चिडतील.

आता चिडवणं. शाळेतली पोरं सोडत नाहीत, तेव्हा ते काम आधी तुम्हीच करा, आणि चुलत भावंडांना बसवा, ते जास्त निर्दयी असतात. मुक्ताच्या बाबतीत धोका एकच, मुक्ताफळं. मुक्ताफळ म्हणजे मूळचा मोतीच, पण ‘काय मुक्ताफळं उधळली’ हे आपण कोणी बरळला की म्हणतो. मुलगी बडबडी निघाली तर मराठीचे सर हा विनोद एकदा तरी करणार. त्याहून वाईट काही मला सापडलं नाही, म्हणजे पास.

इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवा. एम, यू, के, टी, ए हे आपल्याकडचं सरळ स्पेलिंग. दक्षिणेत टी नंतर एच लावतात. घरातल्या एकाने एच लावला आणि दुसऱ्याने नाही लावला की आधार एक, पासपोर्ट दुसरा आणि मग अ‍ॅफिडेव्हिट करत फिरा. परदेशात राहणाऱ्यांनी ‘मक्टा’ ऐकायची मानसिक तयारी ठेवावी, क आणि त चं जोडाक्षर तिकडच्या शिक्षकांना पहिले चार दिवस जड जातं, नंतर येतं.

पायरी 6: कागद

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, बहुतेक वेळा हॉस्पिटलच पाठवतं. नाव मात्र तेव्हाच द्यायला पाहिजे असं अजिबात नाही, म्हणून डिस्चार्जच्या घाईत फॉर्मवर सुचेल ते लिहू नका. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते आणि बाळ एक वर्षाचं होईपर्यंत महापालिका किंवा ग्रामपंचायतीत जाऊन फी न भरता नाव घालता येतं. वर्ष उलटलं तर 15 वर्षांपर्यंत उशिराची फी भरून घालता येतं. पण लांबवू नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार नोंदणी अशा बऱ्याच कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो.

खिडकीवर बसलेला माणूस नाव तोंडी ऐकून टाईप करतो. त्याला कागदावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून द्या, प्रिंट काढायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा आणि एकेक अक्षर वाचा. आईचं नाव, वडिलांचं नाव, त्यांच्या आधारवर आहे तसंच आलंय का तेही बघा. चूक दिसली तर तिथेच थांबा आणि दुरुस्त करून घ्या, एकदा सही-शिक्क्याचा दाखला हातात पडला की एका वेलांटीसाठी परत अर्ज, पुरावे आणि चकरा. आणि दाखल्याच्या तीन-चार मूळ प्रती तेव्हाच मागून घ्या, लागतात.